मेलेल्या क्लबचा सभासद

ते गेले तेव्हा एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्यात त्यांना ‘ज्येष्ठ क्रीडाप्रेमी’ म्हटलं होतं. मी तो अंक चुरगाळला, मग सरळ करून पुन्हा वाचला. क्रीडाप्रेमी? या शहरात क्रीडाप्रेमी कोणाला म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे. स्पर्धेच्या फलकावर ज्याचा चेहरा चेंडूपेक्षा मोठा असतो, तो. मैदानाच्या जागेवर आधी मंगल कार्यालय आणि मग वाहनतळ मंजूर करून घेतो, तो. आमच्या घरमालकांना त्या रांगेत नेऊन बसवणाऱ्याने त्यांच्याशी निदान दोन मिनिटं बोलायला हवं होतं. अर्थात दोन मिनिटांच्या आत त्यांनी त्याला हाकललं असतं.

खेळावर त्यांचं प्रेम नव्हतंच. क्रिकेटचा सामना लागला की शेजाऱ्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगायचे. त्यांचं प्रेम एकाच गोष्टीवर होतं, इंग्लंडमधल्या एका लहानशा गिरणगावाच्या फुटबॉल क्लबवर. आणि तो क्लब बंद पडून पन्नास वर्षं होऊन गेली होती.

मी शनिवार पेठेत त्यांच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नुकतंच कॉलेज संपवून मी चळवळीच्या कामाला लागले होते. टेकड्या, नदीकाठ, मैदानं, जे जे कुणी गिळायला निघालं असेल त्याच्याविरुद्ध पत्रकं लिहायची, छापायची आणि सिग्नलला उभं राहून वाटायची. पगार नावाला आणि चीड भरपूर. ते एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बंगळुरूला होती. पहिल्याच शनिवारी रात्री माझ्या खोलीतला फ्यूज उडाला म्हणून मी त्यांचं दार वाजवलं. एप्रिल महिना. दार किलकिलं झालं आणि आत हे गृहस्थ, गळ्याला जाड लोकरी मफलर, घामाने निथळताहेत.

“काका, फ्यूज उडालाय.”

“सामना आहे. सव्वादहाला या.”

“कुणाचा सामना?”

“आमचा,” ते म्हणाले आणि दार लागलं.

घरात टीव्ही बंद, रेडिओ बंद. तिकडे शनिवारी दुपारी तीनला सामने सुरू होतात तेव्हा इकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, हे मला नंतर कळलं. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं पुढे सरकतात, पण ते मानायला काका तयार नव्हते. क्लब जिवंत होता तेव्हा ते हिवाळ्यात तिकडे होते, म्हणून बारा महिने हिवाळा. साडेआठला गळ्यात क्लबचा मफलर घालून खुर्चीत बसायचं, भिंतीकडे तोंड. मध्यंतराला उठून चहा. मग पुन्हा भिंत. एकदा मी न राहवून विचारलं की या सामन्यांत होतं तरी काय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू प्रश्न फारच बाळबोध होता. म्हणाले, “होणार काय? बहुतेक वेळा हरतो.”

त्या क्लबचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण ते स्वतः घेत नसत. क्लबचं मैदान विकलं गेलं, तिथे घरं उभी राहिली, आणि बांधणाऱ्यांनी त्या वसाहतीला क्लबचंच नाव दिलं. मेलेल्या माणसाची घड्याळं-अंगठ्या काढून घेतात तसं नावही काढून घेतलं, असं ते म्हणायचे. तेव्हापासून ‘आमचा क्लब’, बस.

नोकरीला ते हडपसरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिथे कापडगिरण्यांच्या यंत्रांचे भाग बनायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने त्यांना वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी त्या गावी पाठवलं. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी. थंडी, एकटेपणा, बेचव जेवण, आणि घरमालकिणीचा नवरा त्यांना हाताला धरून मैदानावर घेऊन गेला. एवढंच निमित्त. माणूस गेला होता यंत्रं शिकायला आणि परत आला एका क्लबचं सुतक घेऊन.

त्या क्लबचा इतिहास त्यांनी मला कधी सलग सांगितला नाही. प्रसंगाने सांगायचे. घरासमोरचा रस्ता महापालिकेने तिसऱ्यांदा खणला तेव्हा कळलं की क्लबचं मैदान गिरणीच्या मागच्या उतारावर होतं. बॉयलरची राख टाकायची ती जागा. विणकरांनी शनिवारच्या सुट्टीत राखेवर माती टाकून, रूळ फिरवून मैदान केलं, पण उतार काही गेला नाही. एक गोल वर, एक गोल खाली. बाहेरून आलेले संघ तक्रार करायचे. गाववाल्यांचं उत्तर ठरलेलं होतं, आम्ही आयुष्यभर चढावरच खेळतो, तुम्ही अर्धाच वेळ खेळताय.

मी बटाट्याची भाजी केली की महायुद्ध निघायचं. युद्धात मैदान खणून बटाटे लावले होते. युद्ध संपल्यावर हिरवळ लावली, तरी कोपऱ्याच्या निशाणापाशी कित्येक वर्षं बटाट्याचे कोंब वर येत. कॉर्नर मारायच्या आधी खेळाडू ते बुटाने खुडायचा. सांगताना काका स्वयंपाकघरात बुटाचं टोक मारून दाखवायचे. पायात चपला असायच्या, तरी.

आणि मग तो भाग, जो सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. युद्धानंतर लोक लोटले. गर्दी पाहून गिरणीमालकाच्या मुलाला क्लबचा अध्यक्ष व्हावंसं वाटलं. तोवर मैदानाला कुंपण नव्हतं, याने घातलं. लाकडी स्टँडवर बापाचं नाव लिहिलं. क्लबची कंपनी केली, कागद केले, सह्या घेतल्या. ज्यांच्या आजोबांनी राखेवर माती टाकली होती त्यांना आता दारात तिकीट फाडावं लागायचं. काही वर्षांनी कळलं की मैदान अध्यक्षाच्या मेहुण्याच्या बांधकाम कंपनीकडे गेलंय. भर हंगामात, कुणाला न विचारता, अध्यक्षाने क्लब लीगमधून काढून घेतला. दुसऱ्या दिवशी चर्चच्या सभागृहात अख्खं गाव जमलं, क्लब आम्ही चालवतो म्हणालं. लीगवाले म्हणाले, आता उशीर झाला.

इथवर कुठल्याही शहरात घडेल अशी गोष्ट आहे. ते पेटायचे ते पुढच्या गोष्टीवर. तिकडचा नियम असा की क्लबने मध्येच हंगाम सोडला तर त्याचे त्या हंगामातले सगळे सामने रद्द. म्हणजे पुढचे नव्हेत, झालेले. गोल पुसले, गुण पुसले. काका शेवटच्या सामन्याला हजर होते. पाऊस, चिखल, आणि दिवसा घरोघर कोळसा पोचवणाऱ्या एका डावखुऱ्या खेळाडूने वरच्या गोलात, म्हणजे चढावर, असा चेंडू मारला की शेजारच्या अनोळखी माणसाने काकांना मिठी मारली. त्या गावात त्यांना कुणी पहिल्यांदाच मिठी मारली होती. काही दिवसांनी वर्तमानपत्रातल्या तक्त्यात क्लबचं नावच नाही. त्यांनी घरमालकिणीला विचारलं, मग आपण काय बघितलं? ती म्हणाली, काही नाही, जेव.

“काही नाही!” काका म्हणायचे. “माझी बरगडी दुखत होती त्या मिठीने. काही नाही म्हणे.”

मला त्यांचा राग आवडायचा. खरं सांगायचं तर त्या घरात मी टिकले ती त्या रागामुळेच. माझ्या पत्रकांचे कच्चे खर्डे ते वाचायचे आणि सगळी उद्गारचिन्हं खोडायचे. ओरडू नका, वाचणारा बहिरा नाही, असा शेरा. स्वतः मात्र घरात उद्गारचिन्हांशिवाय बोलत नसत. ‘धनदांडगे’ हा शब्द दिसला की विचारायचे, कोण धनदांडगे? नाव लिहा. नाव लिहायची हिंमत नसेल तर बटाट्याची भाजी करा.

पण त्यांचा सगळा इतिहास भिंतीकडे बघत संपला असता तर मी हे लिहायला बसले नसते. रविवारी सकाळी ते कापडी पिशवीत शिट्टी आणि सुतळीचं बंडल टाकून बसने हडपसरला जायचे. कारखान्यात असताना पाळी सुटल्यावर त्यांनी तिथल्या गायरानावर मुलांना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली होती, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. आधी गावातल्या शेतकऱ्यांची मुलं, मग त्यांची मुलं, आता त्यांच्या मुलीसुद्धा. त्यांच्यातल्या दोघी-तिघी जिल्ह्याच्या संघात गेल्या होत्या. चारी बाजूंनी उंच इमारती आणि मध्ये तेवढाच मोकळा तुकडा. शहराच्या आराखड्यात त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा पाहिलं की मुलं खांद्यावर बांबू घेऊन येताहेत. गोलचे खांब. खड्डे ठरलेले, त्यात बांबू रोवायचे, सुतळी ताणून रेषा करायच्या, खेळायचं. खेळ संपला की बांबू उपटायचे, खड्ड्यांवर माती लोटायची, सुतळी गुंडाळायची, घरी. दर खेपेला. दुपारी तिथे धनगरांची मेंढरं बसायची, उन्हाळ्यात बायका कुरडया वाळत घालायच्या. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला, खांब राहू द्या की. तर मला तिथेच उन्हात उभं करून व्याख्यान मिळालं. खांब कायमचे रोवले की कुणीतरी विचारतो, खांब कुणाचे? मग खांबांचा मालक ठरतो. मग मालकाला वाटतं, खालची जमीनही आपलीच. मग कुंपण, मग पाटी, मग मेहुणा. आमच्या क्लबात असंच झालं. म्हणून इथे खांब नाही, कुंपण नाही, नाव नाही, नोंदणी नाही. जागा सगळ्यांची आहे, खेळ झाला की ती परत करायची.

ऐकायला किती सुंदर आहे! मलाही वाटलं. मी त्यावर एक पत्रकसुद्धा लिहिलं, बिनउद्गारचिन्हांचं. इंग्लंडमधल्या त्या मेलेल्या क्लबाने त्यांना जो धडा दिला होता तो तिथे खरा असेल. पुण्यात नेमका उलटा धडा लागतो, हे आम्हा दोघांनाही कळायला हवं होतं. तिथे कुंपण घालून जागा लुबाडली. इथे कुंपण नसेल तरच लुबाडतात.

एका बिल्डरने आरक्षण बदलाचा अर्ज टाकला. महापालिकेची माणसं आठवड्यातल्या कुठल्याशा दुपारी, मुलं शाळेत असताना, जागा पाहून गेली. दोन शेळ्या आणि एका म्हशीचा फोटो काढला आणि अहवाल लिहिला की जागा मोकळी व विनावापर असून क्रीडाविषयक कोणतीही कायमस्वरूपी खूण आढळून आली नाही. खुणांबद्दल त्यांनी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. आम्हीच दर रविवारी खुणा पुसून, माती लोटून, जागा झाडून त्यांच्या स्वाधीन केली होती. हे आठवलं की आजही माझ्या डोक्यात जातं.

महापालिकेच्या हडपसरच्या कार्यालयात हरकतींची सुनावणी झाली, तिला मी तिथे आजवर खेळलेल्या मुलांची जंत्रीच तयार करून नेली होती. पालक आले होते, मुली जिल्ह्याच्या संघाची जर्सी घालून आल्या होत्या. बिल्डरचा माणूस माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, टॅबवर चित्रं. “सर, बेसिकली व्हेकंट प्लॉट आहे. उलट आम्ही तिथे प्रॉपर किड्स झोन देतोय, रबर फ्लोअरिंगवाला.” अधिकारी मान हलवत होते. मग काका उभे राहिले. मी आदल्या दिवशी त्यांना बजावलं होतं की आरक्षणाचं बोला, मुलांचं बोला. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली की एका गावात गिरणीच्या मागे एक उतार होता.

अधिकारी म्हणाले, “आजोबा, हडपसरचं बोला.”

“हडपसरचंच बोलतोय. जरा लांबून येतोय.”

मी डोळे मिटून घेतले. ते राखेपासून निघाले, बटाट्यांवरून गेले, अध्यक्षाच्या मेहुण्यापर्यंत येताच कोपऱ्यातला कारकून हसला. वेळ संपल्याचं सांगितलं गेलं. बसायच्या आधी अधिकाऱ्यांनी त्यांना एकच विचारलं, जागेवर गोलचे खांब आहेत का, हो किंवा नाही.

“खेळताना असतात. खेळ झाला की नसतात.”

कारकुनाने लिहिलं, ‘नाहीत.’

 परतीच्या बसमध्ये हडपसरपासून महापालिकेच्या पुलापर्यंत ते सांगत होते की वेळ कमी पडला म्हणून हरलो, आणखी थोडा मिळाला असता तर मुद्दा पटला असता. मुद्दा! त्या खोलीत मुद्दा ऐकायला कुणी बसलेलंच नव्हतं. आम्ही आत शिरायच्या आधी निकाल ठरला होता. पण ठरलेल्या निकालालाही निमित्त लागतं, आणि ते निमित्त आम्ही स्वतःच्या हाताने दिलं होतं. आरक्षण उठायच्या मार्गाला लागलं. आता उरलं कोर्ट.

चळवळीच्या ओळखीतल्या एका वकीलबाईंनी प्रकरण फुकट घेतलं. त्या सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या की जागेवर कायमस्वरूपी खांब होते आणि नियमित खेळ चालायचा, असं कुणीतरी वयस्कर, प्रतिष्ठित माणसाने शपथेवर सांगायला हवं. अहवालच चुकीचा ठरला तर स्थगिती मिळेल. तुमचे घरमालक असतील तर प्रश्नच मिटला. मी त्याच संध्याकाळी घरी आले. काका शेंगा सोलत बसले होते.

“काका, एकच वाक्य आहे. खांब कायम तिथे असत. खाली तुमची सही.”

“नसत,” ते म्हणाले.

“नसत हे मला माहीत आहे. मुलींना मैदान हवंय.”

“मलाही हवंय.”

“मग?”

त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. 

“अहो, झालेला गोल झालाच नाही असं ज्यांनी लिहिलं त्यांना मी पन्नास वर्षं शिव्या घालतोय. आता न रोवलेले खांब रोवले होते असं मी लिहू? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? त्यांच्या गळ्यात मफलर नव्हता, एवढाच?”

“फरक हा की त्यांनी मैदान विकायला खोटं लिहिलं. आपण वाचवायला लिहितोय.”

“तेही म्हणाले होते, क्लब वाचवायलाच विकलं.”

मी भांडले. मला जे जे सुचलं ते सगळं बोलले. प्रामाणिकपणा ही पेन्शन चालू असलेल्या माणसाची चैन आहे, असं म्हणाले. उद्या तिथे बारा मजले उभे राहिल्यावर त्या मुलींना काय सांगणार, काकांचं मन स्वच्छ राहिलं? तुम्हाला ती मुलं नकोच आहेत, तुम्हाला हरायला एक क्लब हवाय, असंही म्हणाले. ते शेंगा सोलायला लागले. सोललेल्या शेंगांतले दाणे त्यांनी माझ्यापुढे सरकवले. मी उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांकडे गेले. मैदानाला लागून त्यांचा म्हशींचा गोठा. गावातलं जुनं शेतकरी घर, जमीन बरीचशी गेलेली. मी अडखळत सांगायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“ताई, माझ्या रानावर त्यांनी ‘विनावापर’ लिव्हलं तवा मी त्यात ऊस तोडत हुतो. त्यांचं खोटं चालतंय, मग माझंच का न्हाई? आणा हिकडं.”

मजकूर मी लिहिला, सही तात्यांनी केली. कोर्टाचा माणूस पाहणीला यायच्या आत भंगारातून लोखंडी पाइप आणून खांब केले आणि सिमेंट ओतून रोवले. ते जुने दिसावेत म्हणून तात्यांनी स्वतः त्यांना शेण आणि चिखल फासला, वर म्हशींना दोन दिवस तिथेच अंग घासायला बांधलं. स्थगिती मिळाली. पुढे बरंच चालून आरक्षण कायम राहिलं. तात्या आता नाहीत, त्यामुळे हे लिहिताना मला कुणाला सांभाळायचं नाही. ज्यांना माझ्यावर खटला भरायचा असेल त्यांनी खुशाल भरावा, फक्त आधी त्या अहवालावर सही करणाऱ्यांवर भरून दाखवावा.

स्थगितीच्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आले. काकांनी डबा उघडून बघितला, झाकण लावलं आणि म्हणाले की चांगलं झालं, माझ्या वाटणीचा पेढा गोलकीपरला द्या. पुढच्या रविवारी ते मैदानावर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सकाळी पिशवी घेऊन घरातून मात्र निघायचे. मला वाटलं, पर्वतीला वगैरे जात असतील, रुसलेत तर रुसू देत. पण सर मैदानात का येत नाहीत, असं मुली रोज फोन करून विचारायला लागल्या, तेव्हा मी एका शनिवारी मुद्दाम साडेआठनंतर त्यांचं दार वाजवलं. आणि त्यांनी उघडलं.

“तुम्ही येत का नाही? मैदान वाचलंय, काका. तुमचंच मैदान.”

“माझं कसं? तिथे खांब कायम होते ना?”

“तो कागद होता.”

“तोच म्हणतोय मी. मी तिथे चाळीस वर्षं खांब रोवले आणि काढले. ते आता झालंच नाही. तुम्ही शपथेवर सांगितलंत, कोर्टाने मानलं. ज्या मैदानात खांब कायम होते त्या मैदानात मी कधी नव्हतोच. मग आता कसा जाऊ? पाहुणा म्हणून?”

 मी चुकले असं मात्र मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन, आणि या वेळी सिमेंट आधी ओतीन. राग मला त्यांचा यासाठी आला की ते बरोबर बोलत होते आणि त्याचा कुणालाही काही उपयोग नव्हता. आणि त्यांच्याहून जास्त राग आला तो या व्यवस्थेचा, जिच्यात एका खऱ्या माणसाला आणि एका खऱ्या मैदानाला एकत्र वाचवायची सोयच ठेवलेली नाही. दोन्हींतलं एक निवडा म्हणतात. मी मैदान निवडलं.

मग एका रविवारी गोलकीपर मुलीचा फोन आला. ती त्रासलेली होती.

“ताई, तुमी सरांना सांगा काय तरी. सर रोडवरनं वरडत्यात. ट्रकच्या आवाजात काय बी ऐकू येत न्हाई. मी पुढं येऊ का मागं जाऊ तेच कळंना.”

मी हडपसरला गेले. काका एकही रविवार चुकले नव्हते. मैदानात पाय ठेवणार नाही एवढंच त्यांनी ठरवलं होतं, शिकवणार नाही असं काही ठरवलं नव्हतं. मैदान आणि पलीकडची दुकानं यांच्या मध्ये मोठा रस्ता, त्याच्या दुभाजकावर ते उभे. दोन्ही बाजूंनी डंपर, टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या. डोक्यावर ऊन, गळ्यात शिट्टी. मध्ये जरा वाहनं थांबली की जोरात ओरडायचे, “अगं, चेंडूकडे काय बघतेस, माणसाकडे बघ!” मुलगी कानामागे हात धरून उभी. एक दुचाकीवाला त्यांना शिवी देऊन गेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

माझा इतका संताप झाला की मी सिग्नलची वाट न बघता रस्ता ओलांडला. काय वाट्टेल ते बोलणार होते. जवळ गेले तर ते एका हाताने रस्त्याच्या पाटीला धरून उभे होते, म्हणून तशीच परत फिरले, दुकानांच्या रांगेतून एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि गाड्यांना हात करत पुन्हा दुभाजकावर आले. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ही कुणाची?”

“पंक्चरवाल्याची.”

“तात्यांची नाही?”

“नाही.”

“मैदानातली?”

“नाही म्हटलं ना.”

“मग ठेवा,” ते म्हणाले. मी ठेवली. त्यांनी ती उचलून मैदानाकडे तोंड करून ठेवली, आणि बसले.